मुक्त-वायू शाळांतील परिचारिका

अशक्त, पांडुरोगी व क्षयाची बाधा होण्याचा संभव असलेल्या मुलांसाठी वनात, उद्यानात किंवा एक बाजू पूर्णपणे उघडी ठेवलेल्या इमारतीत भरविल्या जाणाऱ्या शाळांना मुक्त-वायू शाळा म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यूरोप व अमेरिकेत त्यांचा मोठा प्रसार झाला. शिक्षक, वैद्य व परिचारिका ह्या तिघांच्या सहकार्यावर त्यांची उभारणी झालेली असली, तरी त्यांच्या इतिहासात पहिल्या दोघांचीच नावे ठळकपणे आढळतात. वैद्य ठराविक दिवशी येऊन मुलांना तपासून जाई. मुलांचा रोजचा आहार, स्नान, विश्रांती व ताप यांकडे परिचारिकेला लक्ष द्यावे लागे. ह्या शाळांना जे यश लाभले त्याचे श्रेय मोकळ्या हवेला द्यावयाचे की ह्या नित्य देखरेखीला, हा प्रश्न त्या काळी क्वचितच विचारला गेला.

घराबाहेरील जीवन मुलांच्या प्रकृतीस हितकर असते, ही कल्पना शाळांच्या आधी शिबिरांत मूर्त झाली. झुरिकचे धर्मोपदेशक हेर्मान व्हाल्टर बिओन (१८३०–१९०९) यांनी १८७६ मध्ये शहरातील ६८ गरीब मुलामुलींना ॲपेनझेलच्या डोंगराळ प्रदेशात सुटीसाठी नेले. त्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ टी. रॉथ्रॉक (१८३९–१९२२) या वैद्याने पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अशक्त मुलग्यांसाठी आरोग्य व शिक्षण यांची सांगड घालणारे शिबिर चालविले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध लावला; परंतु त्यावर गुणकारी औषध पुढील साठ वर्षे उपलब्ध नव्हते. विश्रांती, पौष्टिक अन्न व शुद्ध हवा एवढीच चिकित्सा वैद्यांच्या हाती होती.

शाळेत परिचारिका नेमण्याची पद्धती मात्र वेगळ्या गरजेतून निघाली. न्यूयॉर्कमध्ये खुपरी, खरूज, गजकर्ण, उवा यांसारख्या कारणांवरून वैद्यकीय निरीक्षक मुलांना घरी पाठवीत. घरी उपचार होत नसत आणि मुले रस्त्यावर हिंडत राहत. हेन्री स्ट्रीट सेटलमेंटच्या लिलियन वॉल्ड (१८६७–१९४०) यांच्या सूचनेवरून ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स ह्या परिचारिकेची चार शाळांवर एक महिन्यापुरती प्रायोगिक नेमणूक झाली. किरकोळ विकारांवर त्या शाळेतच उपचार करीत आणि नंतर घरोघरी जाऊन मातांना माहिती देत. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठविण्यात आले होते. वर्षभराने त्याच महिन्यात ही संख्या १,१०१ वर आली. कोणतेही नवे औषध न निघता केवळ मुलाचा पाठपुरावा करणारे माणूस नेमल्याने एवढा फरक पडला, ही बाब लक्षणीय आहे.

१ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ख येथे पाइन वृक्षांच्या वनात पहिली ‘वनशाळा’ सुरू झाली. बालरोगतज्ञ बेर्नहार्ट बेंडिक्स व शालेय अधिकारी हेर्मान नॉयफर्ट हे तिचे प्रवर्तक होत. प्रारंभी तीत ९५ मुले होती; ती संख्या लवकरच १२० झाली. मुले सकाळी येत व सायंकाळी परत जात. पाठ अर्ध्या तासाहून अधिक चालत नसे. दिवसातून अनेकदा खाणे दिले जाई. दुपारच्या भोजनानंतर मुलांना आरामखुर्च्यांवर घोंगड्या पांघरून दोन तास पडून राहावे लागे. मुले वेळोवेळी वजनकाट्यावर उभी राहत. झोपेची वेळ ही अशा शाळांतील परिचारिकेच्या दृष्टीने निरीक्षणाची उत्तम वेळ होय. कारण धापा टाकणारे, तोंडाने श्वास घेणारे किंवा घामाने भिजणारे मूल तेव्हाच नजरेस येते.

इंग्लंडमध्ये लंडन काउंटी कौन्सिलने १९०७ मध्ये बोस्टॉल वुड येथे अशी शाळा काढली. तथापि विचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कार्य डेप्टफर्डच्या दरिद्री वस्तीत मार्गारेट मॅकमिलन (१८६०–१९३१) व त्यांची भगिनी रेचेल (१८५९–१९१७) यांनी केले. रेचेल ह्या आरोग्यविषयक शिक्षण देण्याचे काम करीत असत. दोघींनी १९१० मध्ये डेप्टफर्डला मुलांसाठी चिकित्सालय उघडले. तेथे बरी होऊन गेलेली मुले थोड्याच अवधीत तोच विकार घेऊन परत येत. कोंदट खोली, अपुरी झोप व अस्वच्छता जोवर तशीच आहेत, तोवर चिकित्सालय हे भोके पडलेल्या घड्यात पाणी भरण्यासारखे आहे, हे त्यांनी ओळखले. १९११ मध्ये त्यांनी मुलींना उघड्यावर झोपविणारे रात्रीचे शिबिर सुरू केले, त्यातून शिबिरशाळा निघाली आणि १९१४ मध्ये लहान मुलांची मुक्त-वायू शिशुशाळा. येथे स्नान हा उपचार आणि शिक्षण या दोन्हींचा भाग होता. परिचर्या करणारी व शिकविणारी यांच्यातील सीमारेषा जवळजवळ पुसली गेली होती.

ह्याच्याशी तुलना करण्याजोगा प्रयोग महाराष्ट्रात झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी निघालेली कुरणशाळा ह्या अर्थाने मुक्त-वायू शाळाच होत. मात्र त्यांचा हेतू रोगनिवारण हा नव्हता. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे ही कामे येथे शिक्षिकांनाच करावी लागत.

अमेरिकेत पहिली मुक्त-वायू शाळा जानेवारी १९०८ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे, एका वापरात नसलेल्या शाळागृहाची भिंत काढून, ऐन हिवाळ्यात उघडली गेली. मुले लोकरी पिशव्यांत शिरून बसत व त्यांच्या पायांशी तापविलेले शंखजिऱ्याचे दगड ठेवीत. अशा ठिकाणी गारठलेले मूल वेळीच ओळखणे हेच देखरेखीचे पहिले काम ठरते.

परिचारिकेच्या नोंदवहीतील वजन, तापमान व हीमोग्लोबिन यांचे आकडे हा ह्या शाळांच्या उपयुक्ततेचा मुख्य पुरावा म्हणून पुढे केला जाई. परंतु ज्यांना तेवढेच अन्न व विश्रांती मिळाली पण मोकळी हवा मिळाली नाही, अशा मुलांशी तुलना सहसा केली जात नसे. उपाशी मुलाला पोटभर जेवण मिळाल्यावर त्याचे वजन वाढले, तर त्याचे कारण पाइनच्या वनात शोधण्याची आवश्यकता नाही. खेळती हवा श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांचा संसर्ग कमी करते हे खरे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या शाळांचे खरे औषध म्हणजे अन्न, झोप आणि मुलाकडे रोज पाहणारे जाणते माणूस हेच होय.

स्ट्रेप्टोमायसीनचा शोध (१९४३), निर्जंतुक केलेले दूध व सुधारलेली घरे यांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या शाळांचे प्रयोजन उरले नाही व त्या हळूहळू बंद पडल्या. कोव्हिड साथीत, १९२० च्या दशकानंतर सु. शंभर वर्षांनी, २०२० मध्ये डेन्मार्कसारख्या देशांत पुन्हा घराबाहेर वर्ग भरले.

परिचारिकेचे काम मात्र शिबिरांत टिकून राहिले व अधिक कठीण झाले. इन्शुलिनच्या शोधानंतर (१९२१) मधुमेही मुले जगू लागली. पण त्यांना रानावनात नेण्यास कोणी धजत नसे. एलियट जॉसलिन (१८६९–१९६२) यांच्या प्रेरणेने मॅसॅचूसेट्स राज्यात, क्लॅरा बार्टन यांच्या जन्मस्थानी, १९३२ मध्ये मधुमेही मुलींचे शिबिर सुरू झाले. मुलग्यांचे १९४८ मध्ये. दिवसभर पोहणे व हिंडणे झाले की इन्शुलिनची गरज घटते आणि नेहमीची मात्रा घातक ठरू शकते. रक्तशर्करा अनेकदा मध्यरात्रीनंतर उतरते. त्यामुळे परिचारिकेला संध्याकाळी मात्रा व खाणे यांचा मेळ नव्याने बसवावा लागतो आणि रात्री बॅटरी घेऊन तंबूतंबूंतून फेरी घालावी लागते. आपले इन्शुलिन स्वतः टोचण्यास अनेक मुले अशा शिबिरांतच प्रथम शिकतात.