अमिगाच्या मदरबोर्डाची घरगुती दुरुस्ती

कमोडोर कंपनीनें १९८७ सालीं अमिगा २००० हा संगणक विक्रीस आणिला. त्याच्या मदरबोर्डावर, ६८००० प्रोसेसरच्या शेजारींच, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची बॅटरी झाळलेली असे. यंत्र बंद असतांही घड्याळ चालावें, एवढेंच तिचें काम. परंतु वर्षें लोटलीं तशी ती पाझरूं लागली, आणि तें दाहक अल्क तांब्याच्या बारीक रेषा खाऊं लागलें. घड्याळासाठीं घर गमावण्यांतलाच हा प्रकार!

१९९४ सालीं कंपनीच बुडाली. सुटे भाग मागावयाचे कोणाकडे? तेव्हां शौकिनांनीं घरींच सोल्डरिंगचें हत्यार हातीं घेतलें. आधीं बॅटरी काढावयाची, मग हिरवट डागांवर स्वयंपाकघरांतील व्हिनेगर. अल्काचा जोर अम्लानें मोडतो. पुढें धुवून, वाळवून, तुटलेली रेषा मीटरनें हुडकून तेथें केसासारखी तार झाळावयाची. असें यंत्र तारीख विसरतें खरें, पण सुरू होतें.