फैजपूरची केळी आणि दूरची युद्धं

डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू शेतकऱ्यांसमोर स्पेनच्या युद्धावर बोलले. शाळेत हे वाचताना मला वाटायचं, आमच्या बागांना त्या लढाईशी काय घेणं?

आता कळतं. बागेतल्या ग्रँड नैन वाणाचं नावच फ्रेंच. इथल्या फण्या धुऊन, खोक्यांत भरून, १३-१४ अंशांच्या थंड कंटेनरमधून न्हावा-शेवामार्गे दुबई, इराण, इराकला जातात. तिकडे तणाव वाढून बोटी अडकल्या, की इकडे क्विंटलचा भाव उतरतो. कापणीला आलेला घड थांबत नाही. मिळेल त्या भावात द्यावा लागतो. म्हणून आमच्याकडे केळीच्या भावाआधी आखाताची बातमी बघतात.