थंडी नाही, म्हणून चिंता नाही?

जड ट्रक महिनोन्‌महिने उभा ठेवायचा तर काय करावं, याची जगभर फिरणारी यादी कॅनडा आणि स्वीडनच्या हिवाळ्यासाठी तयार झालेली आहे. कूलंट गोठू नये, डिझेलमध्ये मेण धरू नये, गारठ्याने बॅटरी बसू नये. ती वाचून अमिरातीतले आपले गाडीमालक आणि फोरमन एक सोयीचा निष्कर्ष काढतात : इथे भर जानेवारीतही दुबईत रात्रीचा पारा चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतो, मग कसली काळजी? ट्रेला (ट्रेलरचा ट्रक) सनय्यात, म्हणजे औद्योगिक वसाहतीत लावा, चावी काढा, विषय संपला. जोडीला दुसरा मुद्दा येतो तो वाळवंटाचा. कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही. अमेरिकेने ॲरिझोनात टक्सनजवळ हजारो विमानं उगाच उभी केली आहेत का?

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, पण त्यात ऋतूच चुकला आहे. अमिरातीत हिवाळा हा भर धंद्याचा काळ. ग्लोबल व्हिलेज, वाळवंटातले कॅम्प, उघड्यावरचे सोहळे सगळे ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. त्यांचे मंडप, जनरेटर, टाक्या वाहणाऱ्या गाड्या उभ्या राहतात त्या उन्हाळ्यात. साखर कारखान्याचं गाळप आटोपलं की आपल्याकडे उसाच्या गाड्या पावसाळाभर दारात दिसतात, तसंच. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन माणसाने उघड्या उन्हात काम करू नये असा इथे सरकारी नियम आहे. ट्रेला मात्र त्याच उन्हात तीन महिने उभा असतो. २०२५ मध्ये अबुधाबीतल्या स्वेहानला पारा ५१ अंशांच्या वर गेला होता, आणि तोही सावलीत मोजलेला.

आता बॅटरी. ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, त्यामुळे एक कच्ची निघाली की दोन्ही निकामी. थंडीत बॅटरीची ताकद तात्पुरती कमी होते; ऊब मिळाली की ती परत येते. पूर्ण चार्ज असलेलं ॲसिड शून्याखाली पन्नासलाही गोठत नाही. उष्णतेने होणारं नुकसान भरून येत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुपटीने वेगावतात : बॅटरी आपोआप उतरते, शिशाच्या जाळ्या कुजतात, पाणी उडतं. उतरलेल्या अवस्थेत ती तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग चार्जर लावून काही होत नाही. डिसेंबरात स्टार्टर कण्हतो तेव्हा दोष थंडीला दिला जातो. मूळ नुकसान ऑगस्टमध्येच होऊन गेलेलं असतं.

कूलंटविषयीचा गैरसमज तर खिशाला फार महागात पडतो. गोठण्याची भीती नाही म्हणून नळाचं पाणी भरणारे मी पुष्कळ पाहिले. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, आणि त्याने उकळबिंदूही वर जातो. साधं पाणी तीन महिने ब्लॉकमध्ये राहिलं की रेडिएटरची टोपी उघडल्यावर चहाच्या रंगाचं पाणी दिसतं. तो इंजिनातला गंज असतो.

उरला टक्सनचा दाखला. टक्सन समुद्रापासून दूर आहे. इथलं जबल अली किंवा मुसफ्फा मात्र आखाताच्या काठावर. उन्हाळ्यात आखाताचं पाणी इतकं तापतं की रात्री हवा दमट होते, पहाटे चॅसिसवर दव धरतं, त्यात किनाऱ्यावरच्या सबखा जमिनीची खारट धूळ मिसळते. त्याच दमटपणाने अर्ध्या टाकीतल्या हवेतलं बाष्प डिझेलमध्ये पाणी म्हणून उतरतं. डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात आणि फिल्टर चिकट काळ्या थराने बुजतो. मेण धरण्याची भीती इथे नाही हे विरोधकांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. टाकी भरलेली ठेवायची ती या पाण्यासाठी. विमानांचीच गोष्ट काढायची तर २०२० साली करोनात एमिरेट्सने आपली दोनशेवर विमानं दुबईच्या दोन विमानतळांवर उभी केली, तेव्हा इंजिनं आणि हवा आत जाण्याच्या सगळ्या जागा झाकून घेतल्या होत्या. वाळवंट आपोआप सांभाळतं असं त्यांनी गृहीत धरलं नाही.

दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की पुरे, हा सल्लाही तितकाच पोकळ. तेवढ्यात ऑइल पुरेसं तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ आत थंड होऊन त्यातच राहते. टायर त्याच जागी दबलेले राहतात, आणि हवा गळून स्प्रिंग ब्रेक आवळल्यावर शू ड्रमला धरून बसतात ते तसेच. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर काढा, नाहीतर हात लावू नका.

यंदा जूनमध्ये गाडी उभी करणार असाल तर टाकी भरा, एअर टँकमधलं पाणी सोडा, बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काढा आणि सावलीच्या खोलीत ठेवा, टायरांवर जाड कापड टाका. एवढं एका दिवसात होतं. हा एक दिवस वाचवू पाहणाऱ्या मालकाने सप्टेंबरात दोन नव्या बॅटऱ्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.