'ओके'चा उगम आणि त्याच्या दंतकथा
'ओके' या अमेरिकी बोलीतील शब्दाचा सर्वांत जुना निर्विवाद छापील पुरावा २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या दैनिकात सापडतो, आणि तोही एका किरकोळ विनोदी स्फुटात. 'घंटानादविरोधी सभा' असे नाव मिरवणाऱ्या एका खुशालचेंडू मंडळाच्या प्रवासावरून प्रॉव्हिडन्सच्या एका पत्रकर्त्याला चिमटा काढताना संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी ही दोन अक्षरे वापरली आणि लगेच 'सर्व बरोबर' असा त्यांचा उलगडाही केला. इंग्रजीत 'ऑल करेक्ट' या शब्दांची आद्याक्षरे 'ए' आणि 'सी' अशी होतात. ती जाणूनबुजून चुकवून 'ओ' आणि 'के' केली, म्हणजे जे 'सर्व बरोबर' म्हणायचे त्यातली दोन्ही अक्षरे चूक, ही त्यातील गंमत होती. असल्या अशुद्ध संक्षेपांची त्या काळी बॉस्टनमध्ये लाटच आली होती, आणि 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूस'साठी 'के. वाय.' अशी त्याच वळणाची भावंडे तेव्हा वर्तमानपत्रांतून हिंडत होती.

ही भावंडे लवकरच विस्मरणात गेली, 'ओके' मात्र तगला, आणि त्याचे मोठे श्रेय १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीला द्यावे लागते. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक या गावचे असल्याने त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हणत. या टोपणनावाची आद्याक्षरे नेमकी जुळल्याने त्यांच्या डेमोक्रॅटिक समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' काढले. प्रतिपक्ष असलेल्या व्हिगांनी त्याच अक्षरांना टिंगलीचे अर्थ चिकटवले, आणि माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्याने तेच कागदपत्रांवर असा शेरा मारीत, अशी कंडीही पिकवली. व्हॅन ब्यूरन हरले. पण दोन्ही पक्षांच्या तोंडी बसलेला शब्द देशभर झाला, आणि पुढे तारयंत्रावर संदेश नीट पोहोचल्याची पोच देण्यासाठी तो सोयीचा ठरल्याने व्यवहाराच्या भाषेतही स्थिरावला.

मूळ थट्टा विसरली गेल्यावर व्युत्पत्तींचे पीक आले. कोणी ग्रीक भाषेतील 'ओला काला' पुढे केले, तर कोणी हैतीतील ओ काय बंदराच्या रमकडे बोट दाखवले. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा तर हा शब्द चोक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेतला आहे यावर इतका विश्वास होता की ते तो 'ओके' ऐवजी 'ओकेह' असा लिहीत. एवढ्या जगन्मान्य शब्दाचे मूळ पोरकट असावे हे विद्वानांनाही पचत नव्हते, असेच म्हणावे लागते. कोलंबिया विद्यापीठातील भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखमालेत बॉस्टनचा पुरावा मांडला, आणि आजचे प्रमुख इंग्रजी कोश त्यांचीच उपपत्ती ग्राह्य धरतात.