घळीचं तोंड

आमचं रान जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात. वरच्या अंगाला मुरमाड, खाली ओढ्याकडं काळी. ओढ्यातून रानात शिरलेल्या घळीच्या तोंडाशी पावसाळ्यात कमरेइतका धबधबा पडायचा. आम्हा पोरांना मौज. आजा मात्र पाऊस उघडला की गोणपाटाची खोळ घेऊन जायचा आणि बोरीपासून घळीच्या कडेपर्यंत पावलं मोजायचा. दर साली ती कमी भरायची. "लेकरा, पाणी खाली चाललं, अन् घळ वर येऊ राह्यली."

पाणी उडी घेतं तिथं पायथ्याला डबकं कोरतं. काळी उन्हाळ्यात भेगाळलेली असते; खालचा मऊ थर धुपला की वरची कड भेगेवर सुटून धपकन बसते. धबधबा तेवढा मागं सरकला.

यावरचा जुना इलाज म्हणजे ताल. घळीला आडवा रचलेला दगडी बांध. चुना नाही, काही नाही. मोठे दगड खाली, फटींत कपच्या. पाणी पाझरून जातं, गाळ मागं बसतो आणि पाण्याला उडी मारायला उंचीच उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी बांधबंदिस्तीच्या कामावर होती. त्या कामावर दगड बसवायला शिकली आणि पुढं घरचा ताल तिनंच रचला. आजा नुसता दगड आणून द्यायचा.

पुढं अजिंठ्याला गेलो. लोक चित्रं बघत होते, मी कडा बघत बसलो. ६.६ कोटी वर्षांमागचा लाव्हा, थरावर थर. कुठं काळा पाषाण, कुठं विहिरीत लागतो तसला मांजऱ्या. दरीच्या डोक्याशी वाघोरा सात कुंडांतून उड्या घेत उतरते. खोड तीच, फक्त घाई नाही. सगळ्यांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, आणि लेण्यांतून नदीवर उतरायला पायऱ्या होत्या. म्हणजे दरी तेव्हाच खोदून झालेली. तिकडं नायगारा १२ हजार वर्षांत ११ किलोमीटर मागं हटलाय. आज्याची पावलं तिथंही कमीच भरली असती.

आमच्या तालामागं आता तुरीच्या दोन ओळी बसतात. गेल्या पावसात डावीकडचा दगड निसटला. पोराला घेऊन परत बसवला, पण पाण्यानं तोवर बगलेनं वाट काढली होती. तिथं वीतभर पायरी पडलीय. बोर कधीच वठली, म्हणून विजेच्या खांबापासून पावलं मोजून ठेवलीत.