श्वासावाटे येणारी राख

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. थोड्याच तासांत, दूरवर मासेमारी करीत असलेल्या एका जपानी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पांढरी राख पडू लागली. त्यांपैकी आयकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात मृत्यू पावला. २ एप्रिल रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले.

ही राख स्फोटाच्या जागीच राहत नाही. तिचे सूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरांत चढतात, दीर्घकाळ तरंगतात आणि पावसाबरोबर खाली येतात. वडोदऱ्याजवळील पादऱ्याच्या शेतकऱ्याने बिकिनीचे नाव ऐकले असो वा नसो, त्याच्या भाजीमळ्यावरील पावसातही तिचा अत्यल्प का होईना, अंश उतरला. स्फोटक्षेत्राच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ती अधिक आली.

श्वासावाटे आत गेलेला प्लुटोनियमचा कण फुप्फुसात वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो व लगतच्या पेशींवर किरणांचा मारा करीत राहतो. हिरोशिमा व नागासाकी येथे वाचलेल्या लोकांची पाहणी १९५० पासून होत आली आहे. तेथे किरणांचे स्रोत निराळे असले, तरी मात्रेबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. पण हा रोग अनेक वर्षांनी प्रकट होतो. शिवाय तंबाखू व धूर यांनीही तो जडतो. मग एकाच रोग्याकडे बोट दाखवून ‘हा चाचणीचा बळी’ असे कोण म्हणणार?

हा प्रश्न ज्यांनी विचारपूर्वक हाताळला, त्यांत मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घ्यावे लागते. भारत सरकारने १९५६ साली अणुस्फोटांच्या परिणामांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दौलतसिंह कोठारी व होमी भाभा यांच्याबरोबर त्यांचाही सहभाग होता. किरणोत्सर्गाचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये नेमलेल्या समितीवर ते भारताचे प्रतिनिधी होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये आला.

ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला व भारतानेही त्यावर सही केली. अमेरिकेच्या नेवाडा चाचणीक्षेत्राजवळील रहिवाशांच्या भरपाईचा कायदा मात्र १९९० मध्ये झाला, आणि त्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाला त्यात २००० साली स्थान मिळाले. ठराविक काळी त्या भागात वास्तव्य केल्याचा पुरावा तेवढा कायद्याने मागितला; रोग चाचणीमुळेच झाला, हे सिद्ध करण्याचे ओझे रोग्यावर टाकले नाही. हा न्याय उचित खरा. पण तो येईपर्यंत अनेकांचे श्वास थांबले होते. पुराव्याची वाट पाहणाऱ्या शासनाने दूरदृष्टीचे मोल यावरून जाणावे.