अंबरनाथचे शिवालय आणि चौकटीचा मध्य

१/ कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले की तिसरे स्थानक अंबरनाथ. तेथील वालधुनीकाठचे शिवालय बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एकाच तऱ्हेने टिपलेले सापडते: पश्चिमेचे दार बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजू समसमान. ही सममित मांडणी आली कोठून आणि तिच्यातून इतिहासाला काय मिळते, याविषयी हा धागा.

२/ मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांचे. शिलालेखातील शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०, राजा मम्मुणि. सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन दारे आहेत. पूर्वेचा गाभारा पायऱ्या उतरून जावा इतका खोल. पश्चिमद्वाराच्या मध्यातून गाभाऱ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. तिच्या दोन्ही अंगांची बांधणी एकमेकींचे प्रतिबिंब वाटते. छायाचित्रकार जो अक्ष शोधतो, तो स्थपतीने आधीच आखून ठेवला आहे.

३/ तरीही युरोपीय चित्रकारांनी भारतीय वास्तू प्रथम अशा समोरून रंगवल्या नाहीत. १७९३ साली थॉमस आणि विल्यम डॅनियल पश्चिम भारतात आले, तेव्हा इंग्रजी अभिरुचीला रम्य दृश्याची ओढ होती. तिरपा कोन, पुढे एखादे झाड, थोडी पडझड. काटेकोर सममिती त्या अभिरुचीला रुक्ष वाटे. अशा चित्रांत वास्तूचे वातावरण उतरे. मोजमाप मात्र हाती लागत नसे.

४/ पुढे दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. दुसरीकडे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये त्यापुढे कर्जतच्या बाजूला पोहोचली. अवजड कॅमेरा, काचा आणि रसायने मंदिराच्या जवळपास नेणे आता सोपे झाले.

५/ १८६८ साली सरकारी आदेशाने मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे पथक टेरी यांच्या देखरेखीखाली अंबरनाथला कामाला लागले. शिल्पांचे साचे, मोजून काढलेली रेखाटने आणि छायाचित्रे अशी नोंद त्यांना करायची होती. नोंद म्हटली की वास्तूला सामोरे उभे राहणे ओघाने आलेच.

६/ त्या काळचे तंत्रही समजून घेतले पाहिजे. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र टिपून, तेथल्या तेथे अंधाऱ्या तंबूत धुवायची. हे सारे काही मिनिटांत. त्याआधी काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या दुधी काचेवर पाहायचे. तेथे मंदिर उलटे दिसे: शिखर खाली, डावे उजवीकडे. ओळखीचे दृश्य असे अनोळखी झाले की डोळ्यांना उरतो तो केवळ आकारांचा तोल.

७/ एक अडचण कायमची होती. उंच वास्तू चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात आणि भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. त्यावरचा उपाय साधा: कॅमेरा समपातळीत ठेवायचा आणि पुढची भिंगाची फळीच वर सरकवायची. त्यामुळे भिंती सरळ राहत आणि चित्रावरून प्रमाण ताडता येई.

८/ आता मुख्य मुद्दा. सममित चौकट डोळ्याला तुलना करायला लावते. डाव्या बाजूला जे आहे, ते उजवीकडे आहे का? एका अंगाची झीज अधिक का? तिरप्या चित्रात सहज झाकला जाणारा फरक येथे तत्काळ खुपतो. रेखाटणारा अर्धी बाजू मोजून उरलेली अर्धी आरशासारखी उतरवू शकतो. कॅमेऱ्याला दोन्ही बाजू जशा आहेत तशाच घ्याव्या लागतात.

९/ अंबरनाथला हा फरक फार मोलाचा आहे. कोनाड्यांची रचना जुळते, पण त्यांतील मूर्ती निरनिराळ्या. आणि मंदिराचा काळ सांगणारा लेख आहे तो केवळ उत्तर दाराच्या आतील तुळईवर. दक्षिणेला त्याचे प्रतिबिंब नाही. भाऊ दाजींनी त्यातील शक ७८२ असा वाचला होता. भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ ठरवला. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले.

१०/ आज अर्धे चित्र उलटवून दुसऱ्या अर्ध्याला जोडण्याची सोय मोबाइलमध्येच असते. चित्र निर्दोष दिसते. पण त्यात एका बाजूची खरी झीज, खरी मूर्ती आणि खरी तूट पुसली जाते. पुढल्या पिढीच्या अभ्यासकाच्या हाती ते चित्र पडले, तर ते पुरावा म्हणून निरुपयोगी ठरेल.

११/ म्हणून अंबरनाथला जाल तेव्हा दाराच्या मध्यरेषेवर अवश्य उभे राहा, मोबाइल सरळ धरा, चौकट समतोल साधा. चित्र टिपून झाल्यावर मात्र दोन्ही अर्धी शेजारी ठेवून पाहा. जे जुळते ते स्थपतीचे. जे जुळत नाही ते गेल्या साडेनऊ शतकांहून अधिक काळाचे. (समाप्त)